टाकाऊ तेलापासून बायोसर्फॅक्टंट: स्वस्त का पडत नाही?
साबणाने तेलकट डाग निघतो तो सर्फॅक्टंटमुळे. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. काही सूक्ष्मजीवही असे रेणू बनवतात, तेच बायोसर्फॅक्टंट. उदा. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू तळून उरलेल्या तेलावर वाढून रॅम्नोलिपिड तयार करतो. त्याने पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटरवर येतो. बॅसिलस सबटिलिस उसाच्या मळीवर सर्फॅक्टिन बनवतो.

कच्चा माल जवळजवळ फुकट, मग अडतं कुठे? टाकीत हवा सोडली की फेस उसळतो, आणि पातळ द्रावणातून शुद्ध माल वेगळा काढणं महागात पडतं. म्हणून ‘कचऱ्यातून साबण’ अशी बातमी दिसली, की मी आधी शुद्धीकरणाचा खर्च शोधतो. तुम्हीही तोच बघा.