नौशेऱ्याचे ब्रिगेडियर उस्मान



दिल्लीस गेलात तर जामिया मिल्लिया इस्लामियाच्या कब्रस्तानात अवश्य जा. तेथे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांची कबर आहे.

उस्मान यांचा जन्म १५ जुलै १९१२ रोजी आझमगढ जिल्ह्यातील बीबीपूर गावी झाला. वडील बनारसला पोलीस अधिकारी होते. मुलगा बोलताना अडखळे. पण बाराव्या वर्षी विहिरीत पडलेल्या एका मुलाला वाचविण्यासाठी त्याने बेधडक उडी घेतली. पुढे सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात शिकून ते बलुच रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले.

१९४७ साली फाळणी झाली आणि बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्यास गेली. उस्मान यांनाही तिकडे येण्याचा आग्रह झाला, बढतीची आशा दाखविली गेली. परंतु जन्मभूमी सोडण्यास त्यांनी नकार दिला. त्यांची बदली डोग्रा रेजिमेंटमध्ये झाली.

डिसेंबर १९४७ मध्ये काश्मीरच्या आघाडीवरील झांगड शत्रूने जिंकले. ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, अशी प्रतिज्ञा करून उस्मान ऐन थंडीत जमिनीवर निजू लागले. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांच्या ५० पॅराशूट ब्रिगेडने नौशेऱ्यावरील प्रचंड हल्ला परतवून लावला आणि मार्चमध्ये झांगड सर केले. तेव्हा कुठे त्यांच्यासाठी गावातून खाट आणण्यात आली!

पालकहो, आता एक गोष्ट विशेष लक्ष देऊन वाचा. उस्मान अविवाहित होते. पगारातील मोठा हिस्सा ते गरीब मुलांच्या शिक्षणावर खर्च करीत. नौशेऱ्यातील अनाथ मुलांची त्यांनी ‘बालक सेना’ उभारली आणि त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. लढाईत गोळ्यांच्या वर्षावात निरोप पोहोचविणाऱ्या यांपैकी तिघांना पंडित नेहरूंनी सोन्याची घड्याळे बक्षीस दिली.

३ जुलै १९४८ रोजी झांगड येथे तोफेचा गोळा जवळच फुटून उस्मान शहीद झाले. छत्तीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे बारा दिवस उरले होते. अंत्ययात्रेस पंतप्रधान नेहरू जातीने हजर होते. सरकारने त्यांना मरणोत्तर महावीर चक्र दिले.

विद्यार्थ्यांनो, जीभ अडखळली म्हणून त्यांचे पाऊल कधी अडखळले नाही. आणि पालकहो, ज्यास स्वतःचे मूल नव्हते त्याने परक्यांची मुले शिकविली. मग आपल्या घरातील मुलगा असो वा मुलगी, तिचे वा त्याचे शिक्षण मध्येच थांबविण्यापूर्वी आपण या माणसाची एकदा आठवण करू या.