स, ला, ते आणि शालेन

‘द्वितीयेचे स, ला, ते, तृतीयेचे ने, ए, शी...’ हा तक्ता मी डोंबिवलीच्या वर्गात वर्षानुवर्षे म्हणवून घेतला. मराठीची शिक्षिका होते, म्हणून पोटापाण्याचा प्रश्नच होता तो. पण त्यात एक गंमत आहे. ‘ते’ हा प्रत्यय वर्गातले एकही पोर बोलत नसे. तो ओव्यांतला, पोथ्यांतला. उलट आयरे, भोपर, सागाव इकडून येणारी आगरी मुले दिवसभर ‘शालेन’, ‘घरान’ (म्हणजे शाळेत, घरात) बोलत. त्या ‘न’ला मात्र सप्तमीच्या रकान्यात जागा नव्हती. ‘ते’ पाठ केला की गुण मिळत, ‘शालेन’ लिहिले की लाल शाई. हा तक्ता कुणी, कुणासाठी बांधला, हे शोधायची खोड मला त्यातूनच लागली.

ठाणे-कल्याणात पंतोजींच्या शाळा होत्या तेव्हा मराठीचे व्याकरण शिकवतच नसत. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे म्हणायचे, पावकी-निमकी घोकायची, मोडीचा कित्ता काढायचा. पोरगा पुढे दुकानात किंवा कचेरीत बसला की झाले. व्याकरण म्हणजे संस्कृतचे, आणि ते वेदशाळेत. घरात जी भाषा येते तिचे नियम पाठ करायला लावणे त्या पंतोजीला वेडेपणा वाटला असता. त्या शाळा गेल्या, पण मागे वाक्प्रचार ठेवून गेल्या. धुळपाटी न पाहिलेली मुले आजही ‘धुळाक्षरे गिरवणे’चा वाक्यात उपयोग करतात, आणि ‘माझ्या भावाने मोबाइलची धुळाक्षरे गिरवली’ असे लिहून मोकळी होतात. मी त्याला पूर्ण गुण देत असे.

मराठीच्या व्याकरणाची गरज आधी भासली ती परक्यांना. विल्यम केरीचे मराठी व्याकरण 1805मध्ये श्रीरामपूरला छापले गेले, त्याला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडलेले होते. बोलणाऱ्या माणसांच्या तोंडून भाषा पकडायची, ही त्याची रीत. पण आमच्या खाडीकाठची गोष्ट त्याहून जुनी आहे. ठाणे, साष्टी, वसई हा मुलूख 1737-39पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज मिशनऱ्याने ‘उत्तरेकडच्या’ बोलीचे व्याकरण लिहून ठेवले होते. ते 1858मध्ये गोव्यात कुन्हा रिव्हारांनी छापून काढले. म्हणजे या पट्ट्यातल्या बोलण्याला व्याकरण असते, हे कुणीतरी आमच्या पाठ्यपुस्तकांच्या दीडदोनशे वर्षे आधी मान्य केले होते. आमच्या शाळांपर्यंत मात्र त्याची वार्ता पोचली नाही.

पोचले ते दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’. ते 1836चे. तेव्हा दादोबा जेमतेम बावीस वर्षांचे होते. परिभाषा संस्कृतची, मांडणीवर इंग्रजी व्याकरणांची छाप, आणि भाषा शिकलेल्या मुंबई-पुण्याची. पुढे 1855मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले. तपासनीस आले, परीक्षा आल्या, आणि व्याकरण हा मार्कांचा विषय झाला. दादोबांचे सगळ्यांनी निमूटपणे मानले असेही नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘मराठी शाळापत्रका’त, म्हणजे थेट शिक्षकांच्या मासिकात, दादोबांच्या नियमांची चिरफाड केली. मोरो केशव दामल्यांनी, म्हणजे केशवसुतांच्या भावाने, 1911च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त सगळे वाद पुन्हा मांडून पाहिले. वाद एवढे झाले, तरी शाळेच्या फळ्यावर तक्ता तोच राहिला. द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय एकच आहेत, तरी दोन्ही विभक्त्या वेगळ्या पाठ करायच्या. संस्कृतात त्या वेगळ्या आहेत ना!

मी मात्र तक्त्यापेक्षा शाळेच्या दिवसाला जास्त मानत असे. प्रयोग शिकवायचे तर ‘रामाने रावणाला मारले’ म्हणत रावणाला रोज मारण्याची गरज काय? ‘मुले वर्गात शिरली.’ मुलगा असता तर शिरला, मुलगी असती तर शिरली. क्रियापद कर्त्याच्या मागे जाते, हा कर्तरी. ‘शिपायाने घंटा वाजवली.’ घंटेऐवजी ढोल आणा, लगेच ‘वाजवला’; क्रियापद कर्माचे ऐकते, शिपायाचे नाही, हा कर्मणी. ‘बाईंनी बंडूला रागावले.’ बंडूच्या जागी चिंगी बसवा, अख्खा वर्ग बसवा, ‘रागावले’ हलत नाही. हा भावे. बंडूला रागावले की वर्ग हसे आणि भावे प्रयोग कायमचा ध्यानात राही.

मग मी पेच टाकत असे: ‘मी कविता वाचली, मी कविता लिहिली, मी कविता...?’ शिकणे घाला. मुलगा म्हणतो ‘शिकलो’, मुलगी म्हणते ‘शिकले’. कविता समोर आहे, पण क्रियापद तिच्याकडे ढुंकून बघत नाही. ‘वही विसरलो’चेही तेच. शाळेत शिकणे आणि विसरणे ही दोन कामे सर्वांत जास्त चालतात आणि नेमकी तीच नियमाला अपवाद! हे दामल्यांना ठाऊक होते, आणि वर्गातल्या प्रत्येक मुलालाही ठाऊक होते. त्यांना फक्त आपल्याला ते ठाऊक आहे हे ठाऊक नव्हते.

हाच न्याय ‘शालेन’ला का नको? ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड 1905चा. त्यात उधळ्या मुलाची बायबलातली एकच गोष्ट उत्तर कोकणातल्या बोलींत उतरवलेली आहे. गोष्ट एकच असल्याने फरक डोळ्यांत भरतो. आगरी मूल ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणते. ‘ना’ आपल्या तक्त्यातही आहे, ‘मुलांना’, पण त्याला अनेकवचनापुरतीच परवानगी. सप्तमीचा ‘न’ कानाला तृतीयेसारखा वाटतो, पण ‘पोऱ्या शालेन आयला’ ऐकून कुणीही शाळेला हत्यार समजत नाही. गडबड मुलाची नसते. ठिकाण सांगायचे आहे हे त्याला पक्के कळते. त्याच्याकडे त्यासाठी वेगळा प्रत्यय आहे, इतकेच.

यावर एक सहकारी म्हणत, ‘बाई, प्रमाण भाषा एकच हवी, नाहीतर पेपर कसे तपासणार?’ हे मला मान्य आहे. मुलांना ‘शाळेत’ लिहिता आलेच पाहिजे, नाहीतर पुढे कचेरीत त्यांचेच नुकसान. पण प्रमाण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. माझी आई पत्रात ‘शाळेंत’, ‘घरांत’ असा अनुस्वार देऊन लिही, आणि तिच्या काळी तेच शुद्ध होते. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या लेखनविषयक नियमांनी न उच्चारला जाणारा तो अनुस्वार काढला, 1972मध्ये आणखी चार नियम आले, आणि आईची सप्तमी अशुद्ध ठरली. एका नियमावलीने जिची पूर्ण पिढी ‘चुकीची’ होऊ शकते, त्या भाषेत एका बोलीला सरसकट चुकीचे म्हणण्याआधी थोडे थांबावे.

म्हणून मी फळ्यावर तीन रकाने करत असे. पहिल्यात काम: ठिकाण सांगणे, घेणाऱ्याला दाखवणे, साधन सांगणे. दुसऱ्यात घरचे रूप, तिसऱ्यात शाळेचे. ‘शालेन – शाळेत’, ‘मना – मला’. पहिला रकाना भरताना आगरी मुले सगळ्यांत पुढे असत, कारण त्यांना दोन रूपे ठाऊक होती आणि तुलना केल्याशिवाय काम दिसत नाही. गिरगावातून येऊन इथे ब्लॉक घेतलेल्या घरांतली मुले एकाच रूपावर अडत आणि ‘प्रत्यय सांगू का?’ विचारत. व्याकरणात या ‘कामा’ला शास्त्रीय नाव आहे, कारकार्थ. परीक्षेत तो अर्ध्या गुणाचा असे.

2017च्या फेब्रुवारीत 90वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले. यजमान होते आगरी यूथ फोरम, नगरीला नाव पु. भा. भावे यांचे. बोली बोलणाऱ्यांनी मराठीच्या मोठ्या मांडवाचा भार उचलला, पण पाठ्यपुस्तकातला रकाना तसाच राहिला. मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण आजही स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या पिशवीत असते, आणि असावेच. माझी मागणी लहान आहे: विभक्तीच्या तक्त्याखाली एक टीप हवी, की हे प्रत्यय प्रमाण लेखनाचे आहेत, बोलींत त्याच कामासाठी दुसरे प्रत्यय येतात, जसे ‘शालेन’. तक्त्यात ‘ते’साठी जागा निघते, तर एवढ्या टिपेसाठीही निघेल.