विरळ हवा, रोटरी इंजिन आणि टर्बोची निवड

एप्रिल २००९ मधील एका रविवारी सकाळी कर्नाटकातील कोलारजवळ, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एका जुन्या धावपट्टीवरून ‘निशांत’ हे मानवरहित विमान आकाशात झेपावले. ते सुमारे १.८ किलोमीटर उंचीवर गेले आणि चाळीस मिनिटांनी सुखरूप परतले. तोवर निशांत परदेशी इंजिनावर उडत असे. त्या दिवशी प्रथमच त्यात भारतात अभिकल्पित झालेले वांकेल जातीचे रोटरी इंजिन होते: वजन सुमारे ३० किलोग्रॅम, शक्ती ५५ अश्वशक्ती. इंजिनाचा गाभा आणि त्याच्या आतील पृष्ठभागावरचा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने सिद्ध केला, तर प्रज्वलन व इंधन यंत्रणा डीआरडीओच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील व्हीआरडीई या प्रयोगशाळेने.

हे यश मोठेच होते. पण भौतिकीच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा. १.८ किलोमीटरवर चालणारे हे इंजिन लडाखच्या उंचीवर किती शक्ती देईल? लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंच आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्के असते, म्हणजे ५५ अश्वशक्तीचे इंजिन धावपट्टीवर उभे असतानाच चाळिशीच्या खाली येते. यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचे नाव टर्बोचार्जर.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट मागितले. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने आत येणारी हवा दाबायची. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो याने पहिल्या महायुद्धात ती विमानांसाठी वापरून पाहिली. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच पर्वतशिखरावर नेले. खाली सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे इंजिन वर टर्बोविना २३० च्या आसपास घसरले आणि टर्बो जोडताच पुन्हा ३५० च्या पुढे गेले. यापेक्षा स्वच्छ प्रयोग मला तरी अभियांत्रिकीच्या इतिहासात क्वचितच आढळला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. त्याच महायुद्धातील अनेक विमानांत ‘रोटरी’ म्हणवणारी इंजिने होती, पण त्यांत सिलिंडरांचे संपूर्ण कडेच फिरत असे. फेलिक्स वांकेलचे इंजिन वेगळे. त्यात पिस्टन नाही, झडपा नाहीत. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लांबट पोकळीत उत्केंद्री फिरतो. जर्मनीच्या एनएसयू कंपनीत ते १९५७ मध्ये प्रथम चालले. अमेरिकेच्या कर्टिस-राइटने परवाना घेतला आणि १९६० च्या दशकाअखेरीस लॉकहीडच्या ‘क्यू-स्टार’ या अतिशय कमी आवाजाच्या प्रायोगिक विमानात असे इंजिन उडाले. १९८० च्या दशकात नासाने टर्बोयुक्त रोटरी विमान-इंजिनाच्या संशोधनाला पाठबळ दिले. मात्र नित्य वापरातील विमानांत ते रुजले नाही.

ते रुजले जपानी मोटारींत. माझ्दाने १९८२ मध्ये टर्बो लावलेली रोटरी मोटार विक्रीला आणली. पुढे त्याच कंपनीची ‘१३बी’ ही दोन रोटरांची इंजिने भंगारबाजारातून उचलून अमेरिकेतील हौशी मंडळी घरी बांधलेल्या विमानांत बसवू लागली. (घरी विमान बांधणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला कांदिवलीच्या गच्चीवर विमान उभारणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे ठाऊक आहेच.) इंजिन हलके, हलते भाग मोजके, कंपन कमी. पण त्यासोबत मोटारीचाच टर्बो उचलावा का? या एका प्रश्नात किती भौतिकी दडली आहे, ते पाहण्यासारखे आहे.

पहिला सापळा आकाराचा. १३बी कागदोपत्री १.३ लिटरचे आहे. मात्र त्याचा प्रत्येक रोटर मुख्य दांड्याच्या दर फेऱ्याला एकदा हवा ओढतो, तर चार-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून हवेच्या हिशेबात हे इंजिन २.६ लिटरच्या पिस्टन इंजिनाबरोबरीचे ठरते. १.३ लिटर वाचून टर्बो निवडला, तर तो निम्म्या मापाचा निघेल.

दुसरा सापळा उंचीचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर, समुद्रसपाटीच्या हवेत, हे इंजिन सेकंदाला साधारण ०.१६ किलोग्रॅम हवा घेते. त्यातून २०० अश्वशक्तीच्या आसपास शक्ती मिळते. आता १८,००० फुटांवर जाऊ. तेथे दाब निम्मा असतो. तीच शक्ती टिकवायची, तर कॉम्प्रेसरने हवा दुप्पट दाबली पाहिजे. शिवाय ०.१६ किलोग्रॅम हवेने तेथे बरीच जास्त जागा व्यापलेली असते. दाब आणि तापमान यांची दुरुस्ती केली, की कॉम्प्रेसरच्या आलेखावर हा प्रवाह सुमारे ०.३० दिसतो. इंजिनाला काहीच वेगळे जाणवत नाही. कॉम्प्रेसरला मात्र जवळजवळ दुप्पट काम पडते. २०० अश्वशक्तीच्या मोटारीसाठी बेतलेला टर्बो येथे घुसमटतो. बाहेरचा दाब कमी झाल्याने टर्बाइनवरील वायूंचे प्रसरणही वाढते, आणि ते चक्र सुरक्षित मर्यादेपलीकडे फिरू लागते. विमानाला मोठा टर्बो हवा तो याकरिता; तो जमिनीवर आळशी वाटला तरी बिघडत नाही, कारण विमानाला सिग्नल सुटताच उसळी घ्यायची नसते.

दाबलेली हवा तापते, हेही ओघानेच आले. १८,००० फुटांवरची उणे २१ अंशांची हवा दुप्पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती ५८ अंशांवर बाहेर पडते. मध्ये इंटरकूलर नसेल तर इंधन अवेळी पेटण्याचा धोका वाढतो. रोटरीत त्याची किंमत भारी पडते: रोटरच्या टोकावरील अपेक्स सील तुटते आणि तिचा तुकडा निष्कास-द्वारातून थेट टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळतो.

तिसरी अडचण उष्णतेची. वांकेलची ज्वलनपोकळी लांब आणि चपटी असते. त्यामुळे निष्कास-द्वार उघडते तेव्हाही ज्वलन पुरते संपलेले नसते. झडप नसल्याने द्वार झटकन उघडते आणि वायूंचा तप्त ठोसा टर्बाइनला बसतो. तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊ शकते. मोटार पूर्ण शक्तीवर काही सेकंद धावते, तर विमान मोठ्या शक्तीवर तासन् तास उडते. त्यामुळे रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकणारे टर्बाइन आकाशात लवकर थकू शकते. टर्बोचे बेअरिंग इंजिनाच्याच तेलावर चालते, म्हणून तेथील सील गेले की तेल वाहून जाते आणि काही मिनिटांत इंजिनच जाते. रस्त्यावर अशा वेळी गाडी कडेला घेता येते. म्हणूनच जाणकार हौशी मंडळी निकेल-मिश्रधातूचे मोठे टर्बाइन, उष्णतारोधक कवच आणि जादा वायू बाजूने सोडणारे मोठे वेस्टगेट यांवर खर्च करतात. शक्तीचा मोह त्यानंतर.

आता निशांतच्या इंजिनाकडे परत येऊ. ५५ अश्वशक्तीसाठी सेकंदाला सुमारे ०.०४ किलोग्रॅम हवा पुरते. एवढ्या प्रवाहाच्या टर्बोची चक्रे इतकी लहान असतात, की पात्यांची टोके आणि कवच यांच्यातील फट तुलनेने मोठी ठरते. तिच्यातून हवा निसटते आणि कार्यक्षमता ढासळते. त्यातच रोटर एकच, म्हणजे फेऱ्याला एकच ठोसा आणि मध्ये शांतता. तीस किलोच्या इंजिनावर टर्बो, इंटरकूलर व नळ्यांचे पाच-सहा किलो चढवून मिळालेली शक्ती त्या वजनाला पुरून उरेल का, हे अशा लहान इंजिनाच्या बाबतीत आधी आलेखावर आणि मग विरळ हवेच्या चाचणीकक्षात तपासावे लागते. दोन रोटरांच्या इंजिनात हे गणित बरेच सोपे होते.