वयाने धाकटा काका : विज्ञानकथेतील पूर्वकथा आणि दृश्यसातत्य

एकत्र कुटुंबांच्या काळी पुतण्यापेक्षा वयाने लहान असलेला काका अनेक घरांत आढळत असे. पुतण्या त्याला कडेवर घेऊन फिरवी, परंतु हाक मारताना ‘काका’ असेच म्हणे. नात्याने थोरला आणि जन्माने धाकटा, असा हा दुहेरी अधिकार. विज्ञानकथांच्या चित्रसृष्टीत गेल्या पाव शतकात ज्या ‘पूर्वकथा’ अवतरल्या, त्यांची स्थिती नेमकी अशीच आहे. मूळ कथेच्या आधी काय घडले, हे त्या सांगतात; म्हणून कथाकाळाने त्या थोरल्या. निर्मिती मात्र मागाहून झालेली. म्हणून वेशभूषा, यंत्रे, प्रकाशयोजना सारे नव्या जमान्याचे. धाकट्या काकाने कोणते कपडे घालावेत, पुतण्याच्या जुन्या छायाचित्राशी जुळणारे की आजच्या बाजारातले, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

या प्रश्नाचा इतिहास पाहू. १९६६ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. तिचा कथाकाळ तेविसाव्या शतकाचा उत्तरार्ध. पण तिच्यातील नौकेचे नियंत्रणकक्ष रंगीत बटणांचे, लुकलुकणाऱ्या दिव्यांचे आणि खटक्यांचे. त्या काळच्या कल्पनेला व खर्चाला जे झेपले, ते तेविसावे शतक ठरले. पुढे २००१ मध्ये ‘एंटरप्राइज’ ही पूर्वमालिका आली. तिचा कथाकाळ २१५१ पासूनचा, म्हणजे मूळ मालिकेच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा. तथापि सपाट पडदे एव्हाना घराघरांत येऊ लागले होते. प्रेक्षकाच्या टेबलावरील संगणकापेक्षा जुनाट दिसणारी अवकाशनौका त्याला कशी पटावी? निर्मात्यांनी नौकेला पाणबुडीसारखे अरुंद, लोखंडी रूप दिले, पण पडदे नवे बसवले. परिणामी पणजोबांची नौका पणतवाच्या नौकेपेक्षा नवीन दिसू लागली आणि जुने रसिक नाराज झाले.

याहून मनोरंजक इतिहास एका कपाळाचा आहे. १९६७ मध्ये या मालिकेत प्रथम दिसलेल्या क्लिंगॉन जमातीचे कपाळ माणसासारखेच सपाट होते. १९७९ च्या चित्रपटाला अधिक पैसा आणि अधिक कुशल रंगभूषाकार लाभले. तेथपासून क्लिंगॉनांच्या कपाळावर हाडांच्या कंगोऱ्यांची रांग उभी राहिली. बदलाचे कारण कुणीच सांगितले नाही. १९९६ मध्ये मालिकेच्या तिसाव्या वर्धापनाच्या निमित्ताने एक गमतीचा भाग काढण्यात आला. त्यात नव्या मालिकेतील पात्रे काळाच्या मागे जाऊन १९६७ च्या एका भागात वावरतात. जुने नियंत्रणकक्ष त्यासाठी जसेच्या तसे पुन्हा बांधले गेले. सपाट कपाळांविषयी विचारल्यावर तेथील क्लिंगॉन अधिकारी ‘हा आमचा घरगुती विषय आहे’ अशा अर्थाचे उत्तर देऊन गप्प बसतो. प्रेक्षक हसले आणि प्रश्न मिटला. परंतु २००५ मध्ये दोन संपूर्ण भाग खर्ची घालून विषाणू आणि जनुकबदल यांचे रीतसर स्पष्टीकरण देण्यात आले. प्रस्तुत लेखकास विनोदाचे उत्तर अधिक सरस वाटते. रंगभूषेच्या फरकाला कथेत कारण शोधणे म्हणजे नाटकात नट बदलल्यावर नव्या नटाच्या उंचीचे वैद्यकीय कारण देण्यासारखे आहे.

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधील याने खरचटलेली, तेलकट, मोडकळीला आलेली होती. १९९९ मध्ये जॉर्ज लुकस यांनी त्या कथेचा पूर्वार्ध दाखवण्यास आरंभ केला, तेव्हा त्यातील याने आरशासारखी झळझळीत निघाली. यामागचा विचार असा की, पूर्वार्ध हा प्रजासत्ताकाच्या वैभवाचा काळ आहे आणि उत्तरार्ध साम्राज्याखाली दरिद्री झालेल्या जगाचा. ही मांडणी कितपत पटण्याजोगी आहे, हे तपासण्यासाठी आपल्या इंदूरकरांना फार दूर जावे लागत नाही.

तुकोगंजातून निघून आपण आधी राजवाड्याशी थांबू. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, असे हे सात मजली प्रवेशद्वार अठराव्या शतकातील होळकरशाहीची साक्ष देते. तेथून लालबागेत जावे. १८८६ ते १९२१ या काळात बांधला गेलेला हा प्रासाद युरोपीय राजवाड्यांच्या थाटाचा. झुंबरे, गिलावे, संगमरवर यांनी नटलेला. आता माणिकबागेकडे वळावे. दुसरे यशवंतराव होळकर यांच्यासाठी ऑक्सफर्डच्या दिवसांपासून परिचित असलेले तरुण जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांनी १९३० ते १९३३ दरम्यान हा महाल घडवला. सरळ रेषा, कोऱ्या भिंती, धातू आणि काच यांचे फर्निचर. आयलीन ग्रे, रूलमान, ल कॉर्ब्युझिए यांच्यासारख्यांची आसने. लालबाग पूर्ण झाल्यानंतर अवघ्या बारा वर्षांत त्याच घराण्याने उभारलेली ही वास्तू. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षांनी आपल्या तुकोगंजात जी सुखवस्तू घरे बांधली गेली, त्यांच्या शिसवी कपाटांसमोर आणि कोरीव कोचांसमोर १९३३ ची माणिकबाग भविष्यातून आल्यासारखी वाटेल. तिची जुनी छायाचित्रे तारीख झाकून कुणाला दाखवली, तर कालक्रम लावताना तो खचित फसेल.

अर्थात खऱ्या इतिहासातही आधीचे नंतरच्यापेक्षा नवे दिसू शकते. यंत्रांची आणि वास्तूंची रूपे पंचांगाच्या क्रमाने पुढे सरकत नाहीत. पैसा, हौस, सत्ता आणि योगायोग यांच्या बळावर ती पुढेमागे होतात. ‘एलियन’ (१९७९) आणि त्याची पूर्वकथा ‘प्रोमिथियस’ (२०१२) यांचा वाद याच न्यायाने सुटतो. आधीच्या काळातील नौकेत हवेत तरंगणारी प्रकाशचित्रे आणि नंतरच्या नौकेत हिरव्या अक्षरांचे ठोकळेबाज पडदे, ही विसंगती अनेकांना खटकली. पण पहिली नौका एका अतिधनाढ्य वृद्धाच्या लाडक्या मोहिमेची आहे आणि दुसरी खनिज ओढून नेणारी मालवाहू बोट आहे. माणिकबाग आणि एखाद्या मालधक्क्यावरची कचेरी यांची तुलना करून कोण मागासलेले, असे आपण विचारत नाही.

मग पूर्वकथेने सारेच बदलावे काय? नाही. पूर्वकथेचे पाऊल जेथे खरोखर घसरते ती जागा डोळ्यांना सहसा दिसत नाही. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये लेया आपल्या भावाला सांगते की, जन्मदात्या आईची तिला अंधुकशी आठवण आहे. २००५ च्या पूर्वकथेत ती आई जुळ्यांना जन्म देताच प्राण सोडते. यानांच्या झळाळीवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. खरे नुकसान मात्र येथे झाले. बहीण आपल्या भावाला जे एकमेव धन देते, ती आठवणच पूर्वकथेने तिच्याकडून काढून घेतली. १९८३ चा तो हळवा प्रसंग आता पाहताना मनात शंकेचा खडा राहतो. २०१७ च्या ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’चेही तसेच. मूळ मालिकेच्या सुमारे दहा वर्षे आधीच्या या कथेत नौका, गणवेश, क्लिंगॉनांचे चेहरे सारे बदलले. त्यावर गदारोळही उठला. परंतु निर्मात्यांना खरा जाच झाला तो स्पॉक या सुपरिचित पात्राला दिलेल्या मानलेल्या बहिणीचा. पन्नास वर्षे जिचा त्याने कधी उच्चारही केला नव्हता, ती बहीण आली कोठून? अखेर २०१९ मध्ये त्या नौकेविषयी आणि बहिणीविषयी कुणीही पुन्हा बोलायचे नाही, असा आदेश कथेतच काढावा लागला. गणवेशाच्या रंगासाठी असा आदेश कुणी काढला नाही.

यातून एक कसोटी हाती येते. पूर्वकथा ही उत्तरकथेची ऋणको आहे. तिने काय दिसते ते बदलावे. कोणाला काय ठाऊक आहे, कोणी काय गमावले आहे, कोणी कोणता शब्द दिला आहे, हे बदलू नये.

हा विवेक आपल्या परंपरेला नवीन नाही. महाभारताचे ‘खिल’ म्हणून जोडलेला हरिवंश हा याच जातीचा ग्रंथ. भारतातील कृष्ण प्रौढ, मुत्सद्दी. हरिवंश त्याचे बालपण सांगतो. पण त्या बालपणाचे सूत सभापर्वातच सापडते. तेथे शिशुपाल कृष्णाला हिणवताना त्याच्या बालपणीच्या पराक्रमांचा उपहास करतो. हरिवंशाने तो धागा धरून वस्त्र विणले. अलीकडचे उदाहरण दिग्पाल लांजेकर यांच्या शिवकालीन चित्रपटांचे. ‘फर्जंद’ (२०१८) मध्ये १६७३ ची पन्हाळ्याची मोहीम, ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) मध्ये १६६३ चा लाल महाल, ‘पावनखिंड’ (२०२२) मध्ये १६६० आणि त्याच वर्षी आलेल्या ‘शेर शिवराज’ मध्ये १६५९ चा प्रतापगड. चित्रपट पुढे जात होते आणि इतिहास मागे. चारही चित्रपटांत महाराजांची भूमिका करणारे चिन्मय मांडलेकर चार वर्षांनी मोठे झाले. महाराज चौदा वर्षांनी लहान झाले. कुणा प्रेक्षकाने वयाचा दाखला मागितला नाही. उद्या त्याच मालिकेत बाजीप्रभू खिंडीतून सुखरूप परतले असते, तर मात्र चित्रपटगृहात कुणी बसले नसते.

याच्या उलट टोक ‘रोग वन’ (२०१६) चे. १९७७ च्या चित्रपटाच्या लगेच आधीची ही कथा. तीत नियंत्रणफलक जुन्यासारखे बनवले, जुन्या चित्रीकरणातील वैमानिक वापरले आणि १९९४ मध्ये दिवंगत झालेले पीटर कुशिंग यांचा चेहरा संगणकाने दुसऱ्या नटाच्या अंगावर चढवला. फलक सुरेख साधले, चेहरा मात्र अनेकांना निर्जीव वाटला. दृश्यसातत्याचा हट्ट इतका ताणला की माणसाचा मुखवटा होतो. चेहरा बदलला तरी भूमिका टिकते, हे मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला कुणी शिकवावे लागत नाही.

तथापि नव्या रूपाला मोकळीक देताना एक अट घालावीच लागेल : जुने रूप शाबूत राहिले पाहिजे. १९९७ मध्ये लुकस यांनी १९७७ च्या मूळ चित्रपटातच नवी दृश्ये घातली आणि त्यापुढे दीर्घकाळ ही सुधारित आवृत्तीच प्रामुख्याने दाखवली जाऊ लागली. ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेलाही २००६ पासून संगणकीय अवकाशदृश्ये जोडण्यात आली; पण पुढे निघालेल्या तबकड्यांवर जुनी दृश्ये पाहायची की नवी, हे ठरवण्याचा अधिकार प्रेक्षकाकडे राहिला. दुसरा मार्ग सभ्य आहे. पहिल्याचा धोका आपल्याला चांगलाच ठाऊक असावा. दादासाहेब फाळके यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१७ मध्ये पुन्हा निर्माण केला. आज जी रिळे उरली आहेत ती पहिल्याची की दुसऱ्याची, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. मूळच हाताशी नसेल, तर नव्याने त्याच्याशी इमान राखले की नाही, हे ठरवायचे कशावरून?

इंदुरातही हाच धडा दोन वास्तूंनी वेगवेगळ्या रीतीने दिला आहे. १९८४ च्या आगीत राजवाड्याचा मागचा भाग जळाला. या शतकाच्या पहिल्या दशकात उषादेवी होळकर यांच्या पुढाकाराने तो वीट, चुना, दगड आणि लाकूड वापरून जुन्या धाटणीने पुन्हा उभा राहिला. हात नवे, चुना नवा. पण आराखडा जुना आणि दर्शनी भाग मूळचा, म्हणून नव्या कामाची पारख करता येते. माणिकबागेचे उलट झाले. इमारत उभी आहे, तेथे केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे. पण तिच्यातील बरेच सामान १९८० च्या मोनॅको येथील लिलावात जगभर विखुरले. यशवंतरावांनी घेतलेल्या ब्रांकूशीच्या पक्षिशिल्पांपैकी दोन संगमरवरी शिल्पे १९७३ पासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. ते भविष्य पाहायला आता इंदूरकराला परदेशी जावे लागते.

हा सारा ऊहापोह परक्यांच्या मालिकांपुरता नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि जयंत नारळीकर कथाकार म्हणून मराठीला लाभले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथांना आज ना उद्या नवी दृश्यरूपे मिळतील, मिळावीत. ‘वामन परत न आला’ या १९८६ च्या कादंबरीत भूगर्भात एका लुप्त संस्कृतीची पेटी सापडते आणि तीत विचार करणारे यंत्र घडवण्याची विद्या असते. या कादंबरीची पूर्वकथा कुणी रचली, तर तिचा काळ आपल्या हजारो वर्षे आधीचा आणि तिची यंत्रे आपल्यापेक्षा पुढची असतील. वयाने धाकट्या काकाचे याहून नमुनेदार उदाहरण मिळणे कठीण. तो दिग्दर्शक ती नगरी काचेची करो, दगडाची करो, माणिकबागेसारखी करो. ती पेटी मात्र त्याने पुरलीच पाहिजे, आणि ती पुरणारी संस्कृती लयाला गेलीच पाहिजे. एवढे ऋण त्याने फेडले, तर पुतण्या त्याला ‘काका’ म्हणायला कमीपणा मानणार नाही.