नाल्यातले शेजारी

गेल्या आषाढात आमच्या जिन्यावरच्या पत्र्याखाली बिज्जू राहायला आला. मराठीत त्याला उदमांजर म्हणतात, पण जबलपुरात तीन पिढ्या काढलेल्या आमच्या घरात उदमांजर म्हटलं की नातवंडं तोंडाकडे बघतात आणि बिज्जू म्हटलं की टॉर्च शोधायला धावतात. रात्री साडेदहाच्या सुमारास पत्रा वाजायचा, मग पाण्याच्या टाकीजवळ धप्प आवाज व्हायचा. पहाटे तोच क्रम उलटा. सकाळी अंगणात अर्धी खाल्लेली पपई. माझे सासरे गन कॅरेज फॅक्टरीत होते, त्यामुळे सासूबाईंचा आयुष्याचा हिशोब पाळ्यांवर चालतो. पत्रा वाजला की त्या अंथरुणातूनच म्हणायच्या, "निघाला नाइट शिफ्टला."

शेजारच्या वकीलसाहेबांना मात्र यात गंमत वाटत नव्हती. त्यांच्या नातीच्या लव्हबर्डांपैकी एक सकाळी पिंजऱ्यात मेलेला सापडला होता. मांजराने मारला असेल, बिज्जूने मारला असेल, पण ती पोर दोन दिवस जेवली नाही हे खरं. ते संध्याकाळी आले आणि म्हणाले, "भाभीजी, आप तो इतिहास पढ़ाती थीं, अर्ज़ी आप ही लिखिए." मजकूर त्यांनी मनात तयारच ठेवला होता. सदर वन्यप्राणी कॉलनीत 'अवैध रूप से निवासरत' आहे, असं त्यात यायला हवं होतं.

विजय नगर आता शहराच्या पोटात आलं आहे. आम्ही इथे घर बांधलं तेव्हा मागच्या बाजूला शेतं होती आणि थंडीच्या रात्री कोल्हेकुई ऐकू यायची. मी वकीलसाहेबांना त्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, कोल्हे तिकडे होते, हा इकडे आहे. बोलणं तिथेच थांबलं. पण 'निवासरत' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना, कारण जवळजवळ याच अर्थाचा शब्द मी आमच्याच भागाबद्दलच्या एका जुन्या पुस्तकात वाचला होता. तिथे तो लांडग्यांबद्दल होता.

पुस्तक कॅप्टन जेम्स फोर्सिथचं, मध्य भारताच्या डोंगराळ मुलखाबद्दलचं. फोर्सिथ बंगाल स्टाफ कोअरमधला. १८६०च्या दशकात तो मध्य प्रांताच्या जंगलांची पाहणी करत हिंडला. पचमढीचा बायसन लॉज त्याने १८६२ साली बांधला. १८७१ मध्ये, पुस्तक बाहेर येण्याच्या काही महिने आधी, तो वारला. वय तेहतीस. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७० मध्ये, मुंबईकडून आलेली आणि अलाहाबादकडून आलेली रेल्वे जबलपुरात जोडली गेली होती. त्यामुळे ज्या जंगलांबद्दल तो लिहीत होता तिथे पोचणं शिकाऱ्याला एकाएकी सोपं झालं. पुस्तक खूप वाचलं गेलं, आजही वाचलं जातं, आणि माणूस लिहितो सुरेख. त्याच्याशी माझं भांडण आहे ते दीड-दोन पानांपुरतं.

दमोह जिल्ह्याच्या सीमेवरच्या एका लहान गावातून तो चालला होता. तिथे त्याला सहज कळलं की कित्येक महिने लांडग्यांची एक जोडी दर काही दिवसांनी गावातलं एक मूल उचलून नेते आहे, तेही भर दिवसा, भर वस्तीतून. गाव उतारावर वसलेलं. खाली गवताने आणि झुडपांनी भरलेला नाला. गावाची मुख्य वाट उतारावरून सरळ खाली यायची आणि पोरं खेळायची ती तिथेच. दोन लांडग्यांपैकी लहान होता तो खालच्या झुडपांत दबून बसे. दुसरा वळसा घालून वर जाई, संधी बघून वाटेवरून धावत खाली येई आणि जाता जाता एक मूल तोंडात धरून नाल्यात शिरे.

सुरुवातीला गावकरी पाठलाग करत. कधीकधी लांडगा मूल टाकूनही देई. पण त्या गोंधळात खाली बसलेला दुसरा लांडगा आणखी एक मूल नेई, आणि पहिलं इतकं जखमी झालेलं असे की ते वाचत नसे. म्हणून त्यांनी पाठलाग सोडला. झाडाखालच्या देवीच्या दगडाला शेंदूर फासला, नारळ-तांदूळ वाहिले आणि लांडग्यांना नेतील तेवढी मुलं नेऊ दिली. फोर्सिथचा निष्कर्ष: ही माणसं थंड रक्ताची आणि अंधश्रद्धाळू. तो पोचला त्याच सकाळी एक मूल गेलं होतं. त्याला हाकारे मिळेनात. शेवटी गावकीची हलकी कामं करणारे, गावाबाहेरचे मानले जाणारे काहीजण काठ्या घेऊन गवतात शिरले आणि लांडगे बाहेर निघाले. आई आणि पाऊणएक वाढलेलं पिल्लू. त्याने दोघांना गोळी घातली. गवतात हाडांनी भरलेल्या कितीतरी जागा सापडल्या. त्यावरून तो म्हणतो की हे प्राणी इथे फार दिवसांपासून अगदी घरच्यासारखे राहत होते.

वर्गात मी हा उतारा बऱ्याच वर्षांपूर्वी एकदाच वाचून दाखवला, आणि तोही वसाहतकाळातल्या लेखनाचा नमुना म्हणून. गावकऱ्यांना नावं ठेवणारा साहेब दाखवला, तास संपला. या आषाढात पुन्हा वाचला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी स्वतः गावकऱ्यांचं म्हणणं ऐकलंच नव्हतं. ते फोर्सिथने लिहून ठेवलेलं आहे, नाव ठेवण्याच्या आदल्याच वाक्यांत. पाठलाग केला तर दोन मुलं जातात, न केला तर एक. इतका निर्दय हिशोब कुणी आळसाने करत नाही. आधी पाठलाग करून, दोन-दोन मुलं गमावून मगच तो जमतो. त्यांच्याजवळ दुनळी बंदूक नव्हती. देवीचा शेंदूर हा हिशोब संपल्यावरचा होता.

पण गावाची बाजू घेऊन मला थांबताही येत नाही. काठ्या घेऊन गवतात शिरता येत होतं, कारण शेवटी काहीजण शिरले. ते अधिक शूर होते की त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती? गेलेली मुलं कुणाच्या घरची होती, वाटेवरची की गावाबाहेरची, हे त्या पानांत नाही. लांडग्यांनी गावाशेजारी घर केलं होतं हे खरं, पण गावातही सगळ्यांची घरं एका ठिकाणी नव्हती. वन्यप्राणी आणि माणूस यांच्या सहवासाबद्दल फार गोड लिहिलं जातं, तेव्हा मला ते हाकारे आठवतात.

याच मुलखातल्या एका मराठी माणसाचं बोलणं या पानांशेजारी ठेवावंसं वाटतं. जबलपूर-सागर भागात इंग्रजांच्या आधी मराठ्यांचा अंमल होता, आणि तो गेल्यावरही काही घराणी राहिली. देवरीचे रामचंद्रराव हे त्यांतले एक. ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचं नाव झालं तो विल्यम स्लीमन त्यांचा स्नेही. १८४४ साली आलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो त्यांना 'सरीमंत' म्हणतो. हे आपलं 'श्रीमंत'. वाघांचा विषय निघाला तेव्हा रामचंद्ररावांनी सांगितलं की वाघाने एकदा माणूस मारला की त्या माणसाचं भूत वाघाच्या डोक्यावर बसतं आणि त्याला धोक्यातून सोडवत नेतं. जिथे माणूस मारला तिथे लोक पुढच्या रात्री पाळत ठेवणार हे भुताला पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते वाघाला दुसरीकडे वळवतं. स्लीमनला याची मौज वाटते, आपल्यालाही वाटते. पण भूत काढून ठेवलं तर खाली काय उरतं? माणूस मारलेला वाघ त्या जागी पुन्हा येईलच असं नाही, तिथे मचाण बांधून बसणारा बहुधा रिकामा परततो. हे कुणीतरी पुष्कळ रात्री जागून पाहिलेलं असणार.

फोर्सिथनंतर सरकारने बंदुकीचाच मार्ग धरला. प्रत्येक मेलेल्या जनावरामागे बक्षीस. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत अशा बक्षिसांसाठी भारतात ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेल्याचा हिशोब इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे. वाघाबिबट्यांपेक्षा लांडगे अधिक आहेत, हे पाहून मी थबकले. लांडगा राहायचा शेताच्या बांधावर आणि गावाखालच्या नाल्यात. मारायला तोच सर्वांत जवळ होता. दमोहच्या त्या जोडीचं वर्णन वाचून मुलांच्या आयांना बक्षिसाच्या रकमेबद्दल काय वाटलं असतं, याचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि त्यापुढे माझा आकडा टिकत नाही.

(याच काळात लांडग्याने उचललेल्या मुलाची दुसरी गोष्ट जगभर गेली. किपलिंगचं पुस्तक १८९४चं, आणि त्यातलं सिवनी जबलपूरच्या दक्षिणेला. तिथे लांडगीण मूल वाढवते. दमोहचं गाव मात्र फोर्सिथच्या दोन पानांबाहेर आलंच नाही.)

मारून टाकणं बंद झालं, १९७२चा कायदा आला, आणि मग उचलून दुसरीकडे सोडणं सुरू झालं. त्याचं काय होतं ते आपल्या जुन्नरने पाहिलं आहे. उसात बिबट्या पिल्लं घालू लागला, घरामागच्या वाड्यातून शेळी-कुत्रं नेऊ लागला, तेव्हा पकडून जंगलात सोडण्याची मोहीम झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहिमेनंतर ते १७ झाले. परक्या जागी सोडलेलं जनावर जुनी वाट शोधतं, आणि त्या वाटेवर नवी गावं लागतात. अकोल्यात, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, त्यांनीच शेतांत कॅमेरे लावले. जिथे एका चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात तिथे दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे निघाले आणि जवळपास तितकीच तरसं. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा. अभ्यासाच्या काळात तिथे कुणी माणूस मेला नव्हता. पण जुन्नर-शिरूरकडे अलीकडच्या काही वर्षांत मुलं गेली आहेत. तिथल्या आईला अकोल्याचे कॅमेरे दाखवून भागणार नाही.

आमच्या जबलपुरातही डुमनाच्या जंगलात आणि नयागावच्या बाजूच्या ठाकूरताल टेकडीवर बिबटे आहेत. रात्री ते कॉलनीच्या भिंतीवरून जाताना कॅमेऱ्यात दिसतात, आणि सकाळी लोक त्याच भिंतीशेजारून फिरायला जातात. वकीलसाहेबांचे एक स्नेही तिकडे राहतात. त्यांनी काय केलं, असं मी विचारलं. भटकी कुत्री जमतात म्हणून गल्लीच्या टोकाचा उकिरडा उचलायला लावला, अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा लावला आणि मुलांना संध्याकाळनंतर एकटं बाहेर सोडणं बंद केलं, असं ते म्हणाले. मग स्वतःच थोडे गप्प झाले.

दरम्यान सासूबाईंनी बातमी दिली की पत्र्याखाली एकाहून अधिक आवाज आहेत. कान त्यांचा अजून तिखट. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, त्यालाही बारीक चिरकणं ऐकू आलं. पिल्लं असताना फट बुजवली तर ती आत कुजतील आणि आई रात्रभर पत्रा फाडत बसेल. मिस्त्री म्हणाला, ती हिंडूफिरू लागली की सगळी बाहेर गेलेली रात्र बघून काम करू. वकीलसाहेबांच्या उरलेल्या पक्ष्याचा पिंजरा आम्ही आतल्या खोलीत टांगला, त्याला बारीक जाळी ठोकली. पपईला गोणपाट बांधलं. वकीलसाहेबांची नात एका संध्याकाळी आमच्या गच्चीवर येऊन बसली. साडेदहाला पत्रा वाजला तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला की ती घाबरली होती की रागावली होती हे मला कळलं नाही. तिने काही विचारलंही नाही.

अर्ज मी लिहिला. महापालिकेला, चार ओळींचा, गल्लीच्या टोकाचा उकिरडा रोज उचलण्याबद्दल. वकीलसाहेबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, उलटून मागचं कोरं पानही पाहिलं.

"ठीक है," ते म्हणाले. "लेकिन इसमें निवासरत कहाँ है?"