मुदत ठरली कशी

स्तनाच्या कॅन्सरवरचे हर्सेप्टिन, म्हणजे ट्रास्टुझुमॅब, अमेरिकेत १९९८ मध्येच आले होते. पण ते दिले जायचे रोग शरीरात इतरत्र पसरल्यावर. मे २००५ मध्ये ऑर्लँडोच्या परिषदेत मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष वाचले गेले आणि चित्र पालटले. ज्यांच्या गाठीत हर-टू प्रथिनाचा अतिरेक आहे अशा स्त्रियांना शस्त्रक्रिया आणि केमोच्या जोडीला वर्षभर हे औषध दिले, तर रोग उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, असे दिसले. जिची केमो तेव्हा चालू होती तिच्यापुढचा मार्ग सरळ होता. जिची केमो वर्ष-दीड वर्षापूर्वी संपली होती तिने काय करायचे? चाचण्यांमध्ये औषध केमोबरोबर किंवा ती संपल्यावर थोड्याच आठवड्यांत सुरू झाले होते. ही अट चाचणीत कोणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी होती. कॅन्सरच्या पेशी अमुक दिवसानंतर औषधाला दाद देत नाहीत, असे तिने कुठेच सिद्ध केले नव्हते. तरीही व्यवहारात प्रवेशाची मुदत हीच उपचाराची मुदत मानली जाऊ लागली. हे चूक होते, असे माझे म्हणणे आहे, आणि त्याला आधार पुढच्या पुराव्याचा आहे.

उशीर बहुधा बाईच्या हातून झालेला नसतो, हेही तेव्हाच्या इंग्लंडमध्ये स्पष्ट दिसले. युरोपात सुरुवातीच्या टप्प्यातील रोगासाठी परवाना मे २००६ मध्ये मिळाला. तोवर खर्च करायचा की नाही हे सरकारी आरोग्यसेवेच्या स्थानिक यंत्रणा आपापल्या परीने ठरवत होत्या. स्विंडनच्या यंत्रणेने ‘अपवादात्मक परिस्थिती’ची अट घातली. एप्रिल २००६ मध्ये अपील न्यायालयाने ते धोरण अतार्किक ठरवले: पैसा हा मुद्दा नसेल, तर सारख्याच आजाराच्या दोघींत फरक करायला आधार कोणता? औषध किती गुणकारी आहे, यावर तो निवाडा नव्हता. पण प्रतीक्षेतले महिने मोजले जात होते ते रुग्णाच्या खात्यावर.

खरा पुरावा हेरा नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतून आला. तिच्यातल्या १,६९८ स्त्रिया औषधाविना केवळ देखरेखीखाली होत्या. २००५ चे निष्कर्ष कळल्यावर, ज्यांचा रोग उलटला नव्हता त्यांना औषध देऊ केले गेले आणि ८८५ जणींनी ते घेतले. त्यांतल्या निम्म्या जणींना तर चाचणीत आल्यापासून ते सुरू होईपर्यंत सुमारे २३ महिने किंवा त्याहून अधिक काळ लोटला होता. २०११ च्या विश्लेषणात, औषध न घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. यावरचा आक्षेप वजनदार आहे. ही विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. एवढा काळ निरोगी राहिलेल्याच औषधापर्यंत पोचल्या, म्हणजे सर्वांत वाईट काळ त्यांनी आधीच पार केला होता. संख्याशास्त्राने ही तफावत काही अंशी भरून निघते, पूर्ण नाही. म्हणून या आकड्यावरून फायद्याचे माप काढू नये. दोन वर्षांनी दार पूर्ण बंद होते, हा दावा मात्र त्याच्यासमोर टिकत नाही.

तरी दार हळूहळू लोटले जाते, हेही मानावे लागते. ट्रास्टुझुमॅब संपलेल्यांना वर्षभर नेरॅटिनिबच्या गोळ्या देणाऱ्या एक्स्टेनेट चाचणीत, एका वर्षाच्या आत सुरुवात करणाऱ्यांना अधिक लाभ झाला आणि त्यातही संप्रेरकग्राही, म्हणजे संप्रेरकांच्या बळावर वाढणाऱ्या, गाठी असलेल्यांना. कारण समजण्यासारखे आहे. संप्रेरकग्राही नसलेला हर-टू रोग उलटायचा तर बहुतांशी पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. तो काळ उलटून गेलेल्या स्त्रीच्या वाट्याला औषधाने कमी करावा असा धोकाच थोडा उरतो. संप्रेरकग्राही गाठीचा धोका अनेक वर्षे रेंगाळतो. दुसऱ्या पारड्यात हृदय आहे. अमेरिकेतल्या बी-३१ चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांना हृदयाची गंभीर दुर्बलता आली, न घेणाऱ्यांत १ टक्क्याहून कमी जणींना. केमोत अँथ्रासायक्लिन हे हृदयावर ताण आणणारे औषध घेतलेल्या बाईने आधी इको करून घेणे अपरिहार्य आहे.

भारतात उशीर घडवला तो किमतीने. बेंगळुरूच्या बायोकॉनचे औषध २०१४ मध्ये बाजारात येईपर्यंत मूळ औषध बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होते. स्वस्त पर्याय आले, तेव्हा आधीच उपचार उरकलेल्या स्त्रियांसमोर तोच जुना प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधायला पहिली जागा म्हणजे पॅथॉलॉजीचा विभाग. तिथे गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्याचे केसाहून पातळ काप काढून रंगवतात. रंग किती गडद उठतो यावरून हर-टूचा निकाल ठरतो: एक अधिकपर्यंत निगेटिव्ह, तीन अधिक म्हणजे पॉझिटिव्ह, दोन अधिक आले तर ‘फिश’ ही जनुकाची तपासणी. जुन्या फाइलमध्ये हा अहवाल नसेल किंवा दोन अधिकवरच थांबलेला असेल, तर तो ठोकळा मागवून तपासणी पुरी करून घेता येते आणि मगच शेवटच्या केमोपासून किती महिने गेले, हे मोजायला अर्थ येतो.