चांदणं नेमकं कोणासाठी? सांबर, पौर्णिमा आणि प्राणीगणनेचा इतिहास

पौर्णिमेच्या दिवसांत एल्क कमी साद घालतो, असं अमेरिकेतले अनेक शिकारी मानतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माजावर आलेला नर शिटीसारखा लांब आवाज काढतो आणि शिकारी त्याचीच नक्कल करून त्याला जवळ आणतात. माजाचा हंगाम मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरतो, चंद्रकलेवर नाही. पण रात्रीच्या वागण्यावर चांदण्याचा परिणाम होतो का? जालन्याच्या मस्तगडात बसून हा प्रश्न परका वाटेल. खरं तर तो आपल्या मेळघाट-ताडोबाचाही आहे.

आधी नावाचंच बघा. सॅम्युएल बेकर यांच्या श्रीलंकेतल्या शिकारीवरच्या १८५४च्या पुस्तकात ‘एल्क’ पानोपानी भेटतो. श्रीलंकेत एल्क नाहीच. ते आपलं सांबर! जुनी साधनं वाचताना शब्द ओळखीचा दिसला म्हणून प्राणीही तोच असेल, असं धरू नका.

आता चांदणं. विजेरी येण्यापूर्वी मचाणावरून रात्री नेम धरायचा तर चंद्रप्रकाश हवाच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक गेली, पण मचाण राहिलं. महाराष्ट्रात बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर बसून प्राणी मोजण्याची पद्धत रूढ झाली. वैशाखात पाणी आटतं, प्राणी मोजक्याच पाणवठ्यांवर येतात आणि चांदण्यात ते दिसतात.

इथे जरा थांबा. यातलं चांदणं आपल्या डोळ्यांच्या सोयीचं आहे. प्राण्याचं काय? लख्ख चांदण्यात आपण शिकाऱ्याला दिसू, म्हणून काही भक्ष्य प्राणी उघड्यावर येणं टाळतात. वटवाघळांच्या काही जातींतही असं वागणं नोंदवलं गेलंय. सांबरंही तशी बिचकत असतील, तर संख्या तीच राहून मोजणी कमी भरेल. उलट, एकच सांबर दोन पाणवठ्यांवर गेलं तर दोनदा मोजलं जाईल. या दोन चुका एकमेकींना बरोबर खोडतील, याची हमी नाही.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच. दरवर्षी पौर्णिमेलाच मोजलं, तर चंद्रकलेचा परिणाम त्या आकड्यांतून कधीच कळणार नाही, कारण तुलनेला अमावास्या नाही. जो घटक बदललाच नाही, त्याचा परिणाम मोजणार कसा? त्यात मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला की जंगलात जागोजागी पाणी साचतं आणि वर्षांची आपसातली तुलनाही ढासळते.

२००६च्या व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅप आले. पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो. देशभराचा अंदाज निघाला १,४११. सांबराला पट्टे नाहीत, म्हणून ठरावीक रेषेवर चालत, दिसलेल्या प्राण्याचं अंतर मोजून घनतेचा अंदाज काढतात. बुद्ध पौर्णिमेचं मचाण आता मुख्यतः ‘निसर्गानुभव’ म्हणून उरलंय, आणि त्या भूमिकेत ते छानच आहे.

शेवटी आवाजाबद्दल. १९३८मध्ये ठाक इथल्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेट यांनी वाघाची साद काढून बोलावलं. ती कथा जगभर वाचली गेली. तित्तिराची हुबेहूब साद घालणाऱ्या आपल्या फासेपारध्यांना मात्र ब्रिटिश राजवटीने ‘गुन्हेगार जमात’ ठरवलं. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला, शिक्का अजून पुसलेला नाही. त्यामुळे प्राण्यांच्या वागण्याचा इतिहास शोधताना फक्त साहेबांची पुस्तकं चाळू नका. कौशल्य सारखंच असताना कोणाचं लिहिलं गेलं आणि कोणाचं नाही, हेही विचारा. तुमच्या आराखड्यातला पहिला प्रश्न तिथेच सापडू शकतो.